ग्लायडरचा रेडिओ रिपेअर करू की नवा घेऊ? मला सगळं ऐकू येतं, पण माझं बोलणं कुणाला कळत नाही

थर्मलच्या_शोधात

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे परत परत विचारायला नको. आमचं तिघांच्या मालकीचं एक सिंगल सीटर ग्लायडर आहे, फायबरग्लासचं, त्यात आधीच्या मालकानं बसवलेला जुना सेट आहे, ५७ मिमीच्या गोल भोकात बसणारा, २५ किलोहर्ट्झवाला, म्हणजे ७६० चॅनेलचा. बॅटरी १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची सीलबंद लेड ॲसिड, सीटच्या मागे. अँटेना फिनच्या (शेपटीच्या उभ्या पात्याच्या) आत आहे, दिसत नाही.

प्रॉब्लेम असा की सकाळी बॅटरी फुल असते तेव्हा सगळं बरं चालतं, पण दोन-अडीच तास झाले की खालचे लोक सांगतात तुझा कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) येतोय पण शब्द तुटतायत, काय बोलतोस ते कळत नाही. मला मात्र सगळ्यांचं शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येतं. दुसरं म्हणजे पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबला की इलेक्ट्रिक व्हेरिओचा (वर-खाली जाण्याचा वेग दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा टुणकन वर जातो आणि सोडला की खाली येतो. हे दोन्ही एकाच कारणानं होतंय की वेगवेगळ्या, ते कळत नाहीये.

एका दुकानात सेट दाखवला, त्यांनी बाहेरून बघून सांगितलं की सेट म्हातारा झालाय, पार्ट मिळत नाहीत, नवा घ्या. पण त्यांनी तो टेबलावर लावून मोजला वगैरे काही नाही, त्यामुळे मन मानत नाहीये. तिघांत मिळून नवा घेता येईल, पण घ्यायचाच तर नेमका कुठला आणि घेताना काय बघायचं?

चिंता अशी की दमून परत येताना, म्हणजे ज्या वेळी डाउनविंडला (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर जायच्या टप्प्यावर) आलोय हे सगळ्यांना कळायलाच हवं, नेमका त्याच वेळी हा सेट दगा देतो. विंचवर (ग्लायडर केबलनं वर खेचणाऱ्या यंत्रावर) केबल ओढायची तयारी चालू असते, दुसरं कुणीतरी फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) असतं, आणि माझा आवाज म्हणजे नुसती खरखर. हे असं चालू ठेवायचं नाही एवढं नक्की. जाणकारांनी सांगा.

सोल्डर_आणि_फ्लक्स

दादा, नवा सेट घ्यायच्या आधी हातात मल्टिमीटर घ्या. तुम्ही जी लक्षणं लिहिलीयेत त्यातलं पहिलं, म्हणजे बॅटरी उतरली की बोलणं तुटतं पण ऐकणं ठीक, हे दहातल्या आठ वेळा सेटचं दुखणं नसतं, सेटपर्यंत व्होल्टेजच पोचत नाही. आणि नवा सेट त्याच वायरवर टाकलात तर तोही तसाच रडेल.

कारण सांगतो. ऐकताना सेट साधारण पाव ॲम्पिअर किंवा त्याहून कमीच घेतो, पण पीटीटी दाबला की ६ वॉटचा सेट दोन-अडीच ॲम्पिअर ओढतो. विमानाचा रेडिओ एएम असतो, म्हणजे तुम्ही बोललात की कॅरिअरची पॉवर आवाजाबरोबर वरखाली होते, पूर्ण मॉड्युलेशनला (कॅरिअरवर आवाज पूर्ण चढवला की) टोकावरची पॉवर कॅरिअरच्या चौपट जाते, ६ वॉटचे क्षणभर २४ वॉट. ती टोकं उभी करायला व्होल्टेज लागतं, ते नसेल तर कॅरिअर जातो पण टोकं छाटली जातात. म्हणूनच लोक सांगतात कॅरिअर येतोय, शब्द कळत नाहीत. अगदी तेच वर्णन आहे तुमचं.

आता वायरचा हिशेब बघा. सीटच्या मागून पॅनेलपर्यंत दोन मीटर आणि परत दोन मीटर, म्हणजे चार मीटर तांबं. वायर ०.३५ चौरस मिमीची असेल तर मीटरला ०.०५ ओहम, चार मीटरला ०.२ ओहम, अडीच ॲम्पिअरला अर्धा व्होल्ट तिथेच गेला. तीच वायर १ चौरस मिमीची टाकली तर पाव व्होल्टसुद्धा जात नाही. आणि ही फक्त वायर झाली, पुढे काचेच्या फ्यूजचा होल्डर, मेन स्विच, बॅटरीचा कनेक्टर, अर्थिंगचा लग, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं जातं.

शोधायचं कसं, तर आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, पीटीटी न दाबता आणि दाबून. मग सेटच्या मागच्या प्लगवर तेच मोजा. दोन्हीत दाबलेलं असताना जो फरक येतो तो वाटेत जातोय. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर ठेवायची आणि दुसरी एकेक सांध्यावर पुढे सरकवत न्यायची, फ्यूजच्या अलीकडे, फ्यूजच्या पलीकडे, स्विचच्या अलीकडे, पलीकडे, आकडा जिथे एकदम उडी मारेल तो सांधा खराब. मायनस बाजूलाही हेच करायचं, तिकडे कुणी बघत नाही आणि अर्धे दोष तिकडेच असतात. एक मात्र सांभाळा, मीटरची पिन घसरून शॉर्ट झाली तर लेड ॲसिड बॅटरी वायर लाल करते, त्यामुळे फ्यूज लावलेली पिन वापरा आणि कॉकपिटमध्ये घाई करू नका.

पीटीटी दाबून मोजताना अँटेना किंवा ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावलेला हवाच, उघड्या सॉकेटवर दाबू नका, आउटपुटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. डमी लोड असेल तर उत्तम, हवेत काही जात नाही. नसेल तर रिकामी फ्रिक्वेन्सी घ्या, आधी ऐका, मग दोन सेकंद दाबा आणि सोडा. १२१.५ वर चुकूनही नाही, तिकडे लोक खरोखरच्या संकटासाठी कान लावून बसलेले असतात.

आकडे टाका इथे, मग सेटबद्दल बोलू.

पन्नास_ओहम

वरच्यांनी पुरवठ्याचं नीट सांगितलंय, मी व्हेरिओच्या काट्याबद्दल लिहितो कारण ते बहुतेक वेगळं दुखणं आहे.

पीटीटी दाबल्यावर काटा हलण्याची दोन कारणं असतात. एक, व्होल्टेज इतकं खाली जातं की व्हेरिओ गोंधळतो. दोन, रेडिओची लहर व्हेरिओच्या वायरमध्ये घुसते, कारण कोॲक्सचं, म्हणजे अँटेनाच्या केबलचं, शिल्ड (बाहेरची जाळी) कुठेतरी तुटलंय किंवा अँटेना नीट जुळत नाहीये आणि लहर केबलच्या बाहेरून कॉकपिटमध्ये परत येतेय. कुठलं आहे ते पाच मिनिटांत कळतं. सेटच्या मागचा अँटेनाचा बीएनसी (केबलच्या टोकाचा गोल प्लग) काढा, तिथे थेट डमी लोड लावा आणि पीटीटी दाबा. काटा तरीही उडाला तर पुरवठा. काटा शांत राहिला तर दोष अँटेनाच्या वाटेवर आहे.

अँटेना मोजायला नॅनो व्हीएनए मिळतो, हातात मावणारं यंत्र आहे, क्लबमध्ये एक असावाच. वापरायच्या आधी ओपन, शॉर्ट, लोड हे तीन करून कॅलिब्रेट करायचा, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ अशी रेंज लावायची आणि एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती लहर परत फिरते ते सांगणाऱ्या आकड्याचा) आलेख बघायचा. त्या केबलवर सेट जोडून पीटीटी दाबायचा नाही हं, व्हीएनए जागीच मरेल. सीबी रेडिओचा जुना एसडब्ल्यूआर मीटर या कामाला नको, तो २७ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला असतो, इथे वाटेल तो आकडा दाखवतो. आणि ग्लायडर जोडून बाहेर मोकळ्यावर उभं करून मोजा, ट्रेलरमध्ये किंवा हँगरच्या पत्र्याला चिकटून मोजलेलं काही खरं नसतं.

आकडा किती हवा, तर १.५ ला ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. पूर्ण बँडभर २ च्या आत असेल तर मी हात लावत नाही. ३ च्या वर गेलं की बरेच सेट स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतात, म्हणजे नुकसान दुहेरी. अजून एक खोच अशी की खराब, पाणी प्यायलेली केबल असेल तर परत येणारी लहर केबलमध्येच जिरते आणि एसडब्ल्यूआर छान दिसतो, त्यामुळे फार छान आकडा आला तरी केबल हलवून बघा.

तुमचं फिन फायबरग्लासचं असेल तर आतला अँटेना उत्तम, अर्ध्या लहरीचा डायपोल असतो, साधारण १.१ मीटर लांब, फिनमध्ये उभा बसतो. (कार्बनचं फिन असतं तर वेगळी गोष्ट, कार्बन वीज वाहतो, आतला अँटेना झाकून टाकतो.) तो लॅमिनेटमध्ये बंद असतो, तो सहसा बिघडत नाही. बिघडतो तो फिनच्या पायथ्याचा सांधा, जिथे केबल जोडलेली असते. तिथे शेपटीच्या चाकाकडून येणारी ओल, धूळ, हादरे सगळं एकत्र येतं. बीएनसी काढून बघा, जाळी हिरवी पडलीये का, क्रिंप (दाबून बसवलेला सांधा) हातानं फिरतोय का. ओहममीटरवर मधली तार आणि जाळी शॉर्ट दिसली तरी लगेच घाबरू नका, काही अँटेनांत जुळवणीसाठी लूप असतो, डीसीला तो शॉर्टच दिसतो.

थर्मलच्या_शोधात

दोघांचेही मनापासून आभार, आज हँगरमध्ये बसून सगळं मोजलं, डमी लोड एकानं दिला.

बॅटरी शांत असताना १२.६. पीटीटी दाबल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.२. आणि सेटच्या प्लगवर १०.५!! म्हणजे वाटेत १.७ व्होल्ट गायब. एकेक सांधा बघत गेलो तर काचेच्या फ्यूजच्या होल्डरवर ०.६, मेन स्विचवर ०.५, आणि बाकी वायरमध्ये, वायर खरंच बारीक आहे, कुठल्या तरी घरगुती उपकरणातली वाटते. फ्यूज होल्डरची स्प्रिंग काढली तर ती काळी पडलेली आणि एका बाजूला भाजल्यासारखी, फ्यूजची टोपीही डाग पडलेली.

व्हेरिओचं म्हणाल तर डमी लोड लावला आणि काटा जागचा हलला नाही. मग फिनच्या पायथ्याशी हात घातला, बीएनसी धरून हलकं ओढलं तर जाळी क्रिंपच्या बाहेर सरकली. आतली मधली तार ठीक आहे पण जाळीचे धागे हिरवे पडलेले. एसडब्ल्यूआर ४ च्या वर, आणि केबल हलवली की आलेख नाचतो.

आता प्रश्न असा, केबल पूर्ण बदलू का नुसतं टोक कापून नवा बीएनसी लावू? आणि हे सगळं झाल्यावर सेट तोच ठेवायचा का?

सोल्डर_आणि_फ्लक्स

बघा, म्हणजे सेट न मोजता नवा घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर नव्या सेटलाही १०.५ व्होल्टच मिळाले असते.

पुरवठा असा करा. काचेच्या फ्यूजचा होल्डर काढून टाका, त्या जागी मोटारगाडीतल्यासारखा पात्याचा फ्यूज किंवा चांगला सर्किट ब्रेकर, ५ ॲम्पिअरचा. बॅटरीच्या अगदी जवळ एक फ्यूज हवाच, कारण वाटेत वायर घासून शॉर्ट झाली तर पॅनेलमधला फ्यूज काही करू शकत नाही. रेडिओला स्वतंत्र १ चौरस मिमीची जोडी थेट न्या, व्हेरिओ आणि लॉगर (फ्लाइटची नोंद ठेवणारं यंत्र) वेगळ्या जोडीवर. वायर टेफ्झेलच्या आवरणाची घ्या, पीव्हीसी जळली की विषारी धूर करते आणि कॅनॉपीखाली (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखाली) तो धूर म्हणजे काय होईल ते सांगायला नको. सांधे क्रिंप करा, चांगल्या क्रिंपरनं, पक्कडीनं दाबलेला क्रिंप म्हणजे पुढच्या वर्षीचा दोष.

पीटीटीची वायरही बघा. स्टिकच्या बुडाशी ती दर वेळी वाकते, आवरण अख्खं दिसतं आणि आत तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. स्टिक पूर्ण पुढे, मागे, डावी, उजवी नेत मीटरवर सातत्य बघा. एखाद्या कोपऱ्यात आकडा गेला तर तीच वायर थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) घट्ट वळण घेताना तुम्हाला मुकं करणार. तिथे बारीक धाग्यांची मऊ वायर टाका आणि बुडाशी एक सैल वेटोळं सोडा.

केबलबद्दल पन्नास_ओहम सांगतील, पण जाळी हिरवी आतपर्यंत गेली असेल तर टोक कापून भागणार नाही, ओल जाळीतून केशाकर्षणानं पुढे सरकते.

पन्नास_ओहम

बरोबर. टोकापासून दहा सेंटिमीटर कापा, आवरण सोला, जाळी चकचकीत दिसली तर नवा क्रिंपचा बीएनसी लावा. अजून हिरवी असेल तर पूर्ण केबल बदला, आणि बदलायचीच तर आरजी-४०० टाका. आरजी-५८ मध्ये १३० मेगाहर्ट्झला मीटरला साधारण ०.२ डेसिबल जातात, सहा मीटरला सव्वा डेसिबलच्या आसपास, ते काही फार नाही, आरजी-४०० चा फायदा वेगळाच आहे, जाळी दुहेरी आणि चांदीचा मुलामा दिलेली, आतलं इन्सुलेशन टेफलॉनचं, उन्हात तापलेल्या फ्यूजलाजमध्ये वितळत नाही. नवी केबल ओढताना जुन्या केबलच्या शेपटीला मजबूत दोरा बांधून मगच जुनी बाहेर काढा. रडरच्या आणि एलिव्हेटरच्या पुशरॉडला केबल कुठेही लागता कामा नये, बसवून झाल्यावर सगळे कंट्रोल पूर्ण फिरवून दुसऱ्या माणसाला आत टॉर्च मारून बघायला सांगा. हे रेडिओपेक्षा महत्त्वाचं आहे.

पॅनेलमधलं_भोक

सेटच्या निवडीवर मी लिहितो, आमच्या क्लबची पॅनेलं बदलताना यावर बराच खल झालाय.

पहिला प्रश्न चॅनेलचा. पूर्वी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २५ किलोहर्ट्झच्या अंतरानं ७६० चॅनेल होते. मग गर्दी झाली म्हणून प्रत्येकाचे तीन तुकडे केले, ८.३३ किलोहर्ट्झ, म्हणजे २२८० चॅनेल. युरोपात १९९९ पासून वरच्या हवाई हद्दीत हे सुरू झालं आणि २०१८ पासून काही सवलती सोडल्या तर खालीही ८.३३ चा सेट लागतो. डिस्प्लेवर ११८.००५ दिसलं म्हणजे फ्रिक्वेन्सी ५ किलोहर्ट्झ पुढे गेली असं नसतं, ती ११८.००० च असते, फक्त अरुंद चॅनेलचं नाव वेगळं. ११८.०१० म्हणजे ११८.००८३. नवीन लोक इथे हमखास गोंधळतात.

जुना सेट ८.३३ ला अपग्रेड का होत नाही असं लोक विचारतात. कारण त्याचा क्रिस्टल तेवढा पक्का नसतो. २५ किलोहर्ट्झच्या सेटला दहा लाखात ३० भाग इतकी चूक चालते, १२७ मेगाहर्ट्झला ती जवळजवळ ४ किलोहर्ट्झ होते. ८.३३ ला दहा लाखात फक्त ५, म्हणजे ०.६ किलोहर्ट्झ. शिवाय जुना सेट रुंद आवाज पाठवतो, शेजारच्या चॅनेलवर सांडतो. फिल्टरपासून सगळं वेगळं असतं. त्यामुळे तुम्ही उडता तिथे ८.३३ लागत असेल तर रिपेअरचा विचारच सोडा. आज लागत नसेल तरी नवा सेट घेताना ८.३३ वालाच घ्या, तो २५ वरही चालतो.

५७ मिमीच्या भोकात बसणारे म्हणजे बेकर एआर ६२०१, डिट्टेल केआरटी २, फुंकेचा एटीआर ८३३, आणि ट्रिग टीवाय ९१. पहिले तीन एकाच डब्याचे, पॅनेलमध्ये घुसवले की झालं. ट्रिगचं डोकं पॅनेलमध्ये आणि मुख्य डबा दुसरीकडे असतो, पॅनेलमागे जागा कमी असेल तर बरं पडतं पण मधली केबल वाढते. सगळे ६ वॉटच्या वर्गातले. इंजिनवाल्या विमानांत असतात ते आडवे लांब सेट ग्लायडरमध्ये कशाला घुसवायचे, पाय जायला जागा राहत नाही.

आता घेताना काय बघायचं. जाहिरातीतला वॉट बघू नका, माहितीपुस्तिकेत पूर्ण पॉवर किती व्होल्टपर्यंत मिळते आणि सेट किती व्होल्टला बंद पडतो ते बघा, ग्लायडरला अल्टरनेटर नसतो, आपलं सगळं उतरत्या बॅटरीवर चालतं. मग ऐकतानाचा करंट बघा, कारण सहा तासांच्या फ्लाइटमध्ये पावणेसहा तास तुम्ही ऐकतच असता. मग डिस्प्ले, भर उन्हात, पोलराइज्ड चष्मा घालून, झोपल्यासारख्या बसण्याच्या कोनातून दिसतो का, हे दुकानात ट्यूबलाइटखाली कळत नाही, कुणाच्या तरी ग्लायडरमध्ये बसून बघा. आणि नॉब, हातमोजे घालून फिरतो का.

माइकचं विसरू नका, यात फार लोक फसतात. जुन्या सेटचा गूजनेक (लवचिक दांड्याचा) माइक डायनॅमिक असू शकतो, हेडसेटमधला बहुतेक वेळा इलेक्ट्रेट असतो आणि त्याला सेटकडून व्होल्टेज लागतं. काही सेटना दोन्हीसाठी वेगळ्या पिन असतात, काहींना मेनूत निवडावं लागतं. चुकीचा लावला की एकतर आवाजच जात नाही किंवा पाताळातून आल्यासारखा जातो, आणि दोष सेटवर येतो. तसंच मागचा प्लग सारखाच १५ पिनचा दिसतो म्हणून जुना हार्नेस (वायरांचा जुडगा) नव्या सेटला तसाच लावू नका, प्रत्येक पिन आकृतीशी ताडून बघा, पुरवठा भलत्या पिनवर गेला तर नवा सेट पहिल्याच दिवशी रिपेअरला.

ड्युअल वॉच, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सी एकाच वेळी ऐकणं, क्रॉस कंट्रीला खूप कामाचं आहे, मी तर त्याशिवाय घेणार नाही. फक्त पीटीटी दाबल्यावर ॲक्टिव्ह फ्रिक्वेन्सीवरच बोललं जातं हे लक्षात राहू द्या.

जुनं_ते_चालू

मी थोडं वेगळं म्हणतो. ८.३३ ची सक्ती नसेल तर चांगला जुना सेट फेकून देण्यात काहीच अर्थ नाही. जुन्या सेटमध्ये जे जातं ते ठरलेलं असतं, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळतात, फ्रिक्वेन्सीचा नॉब एक टिचकी मारली की तीन उड्या मारतो, मेमरीची छोटी लिथियम सेल संपते आणि बंद केल्यावर सगळ्या फ्रिक्वेन्सी विसरतो, प्लगच्या पिनांपाशी सोल्डरला भेग जाते. हे सगळं दुरुस्त होतं. फक्त ते स्वतः करू नका, ट्रान्समीटर उघडायचा आणि ट्यून करायचा अधिकार परवानाधारक वर्कशॉपलाच असतो आणि त्यांच्याकडे मोजायची यंत्रं असतात.

वर्कशॉपला देताना नुसतं "चेक करा" म्हणू नका. लिहून द्या की १३.८ आणि ११ अशा दोन्ही व्होल्टला कॅरिअरची पॉवर, फ्रिक्वेन्सीची चूक, मॉड्युलेशन किती टक्के आणि रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी हे आकडे कागदावर हवेत. मॉड्युलेशन ८५ टक्क्यांच्या आसपास असायला हवं. ५० आलं तर कॅरिअर दणदणीत आणि आवाज दबका, तुमच्यासारखीच तक्रार. आकडे चांगले आले तर सेट ठेवा. कागद द्यायला जे तयार नाहीत त्यांना सेट देऊ नका.

पॅनेलमधलं_भोक

जुनं_ते_चालू, कपॅसिटर आणि नॉबपर्यंत मान्य. पण डिस्प्ले गेला किंवा आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेला तर? ते पार्ट बनायचेच बंद झालेत, वर्कशॉप दुसऱ्या मेलेल्या सेटमधून काढून लावतं. एका सीझनला एकदा कपॅसिटर, एकदा नॉब, एकदा डिस्प्ले करत बसण्यापेक्षा एकदाच काय तो निर्णय घ्यावा असं माझं मत.

मागच्या_सीटवरून

मी शिकवतो, त्यामुळे थोडं वापराबद्दल. वर सगळे सेट आणि वायर बोलले ते बरोबरच आहे पण दोन गोष्टी राहिल्या.

अडकलेला पीटीटी. बटण किंवा वायर शॉर्ट झाली की तुमचा सेट सतत पाठवत राहतो, आणि एएमवर एकानं अशी फ्रिक्वेन्सी धरली की बाकीच्यांचं बोलणं शिट्टी आणि खरखर यात बुडतं, सगळं एअरफील्ड मुकं होतं. तुम्हाला कळतं कसं, तर एकदम शांतता होते, कुणीच बोलत नाही असं वाटतं. अशी शांतता वाटली की पहिली नजर ट्रान्समिटच्या खुणेवर टाका. खूण पेटलेली असेल तर बटण हलवून बघा, नाही सुटलं तर सेट बंद करा आणि उतरण्याआधीची फेरी (सर्किट) डोळ्यांनी पुरं करा. बऱ्याच नव्या सेटमध्ये साधारण दोन मिनिटांनी ट्रान्समिट आपोआप तुटतं, पण फायनलवर दोन मिनिटं फार असतात. नवा सेट घ्याल तेव्हा ही सोय आहे का ते बघा.

दुसरं, बॅकअप म्हणून हँडहेल्ड. त्याच्यावर ६ वॉट लिहिलेलं असतं ते टोकाचं, कॅरिअर दीड ते दोन वॉटच असतो, पॅनेलच्या सेटचे ६ वॉट कॅरिअरचे असतात. त्यात रबरी अँटेना, तोही कॉकपिटच्या आत. सर्किटपुरतं ठीक, पन्नास किलोमीटरवरून हाक मारायला नाही. पॅनेलखाली अँटेनाच्या केबलला हात पोचेल असा बीएनसी ठेवला तर तोच हँडहेल्ड फिनच्या अँटेनावर लावता येतो आणि जमीनअस्मानाचा फरक पडतो.

रेंजचा अंदाज असू द्या. दोन्ही बाजूंच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ नं गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये. तुम्ही १००० मीटरवर, खालचा अँटेना १० मीटरवर, तर साधारण १४० किलोमीटर. ३०० मीटरवर आलात की ८५ च्या आत. मध्ये डोंगर आला की हा हिशेब संपला. त्यामुळे १००० मीटरवरून ४० किलोमीटरवर, मध्ये काही नसताना, ऐकू जात नसेल तर अंतराला दोष देऊ नका, तुमच्याकडे बिघाड आहे.

आणि रेडिओ चेक सकाळी लाँचच्या आधी सगळेच करतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी उतरायच्या आधी अर्धा तास परत करायला लावतो, एक ते पाच आकडे म्हणायचे आणि रीडेबिलिटी (एक ते पाचात किती स्पष्ट ऐकू येतं ते) विचारायची. सकाळी ५ आणि आता ३ म्हणाले तर बॅटरी किंवा वायर बघायला लागणार हे उतरायच्या आत कळतं. माइक ओठांजवळ हवा, दोन बोटं, आणि वरचा फोमचा टोप चुरा झाला असेल तर बदला, बाजूच्या खिडकीचा वारा माइकवर येत असेल तर तोच मॉड्युलेशन खाऊन टाकतो. लोक मग गेन वाढवतात, वारा अजून वाढतो.

थर्मलच्या_शोधात

मंडळी, काम झालं, सांगायला आलो. केबल आतपर्यंत हिरवी होती, पूर्ण आरजी-४०० टाकली, कंट्रोल फिरवून दुसऱ्याकडून बघून घेतलं. एसडब्ल्यूआर मधोमध १.६ आणि पट्ट्याच्या टोकांना २ च्या जरा वर, व्हेरिओचा काटा आता ढिम्म हलत नाही. वायर १ चौरस मिमीची, नवा ब्रेकर, नवा स्विच, बॅटरीजवळ फ्यूज. पीटीटी दाबल्यावर सेटच्या प्लगवर ११.९. पीटीटीची वायरही बदलली, स्टिक पूर्ण डावीकडे मागे नेली की आकडा खरंच जात होता!

लांब फ्लाइटच्या शेवटी मुद्दाम चेक केला, रीडेबिलिटी ५ मिळाली. इतकं बरं वाटलं काय सांगू.

सेट वर्कशॉपला दिला, आकडे कागदावर मागितले. पॉवर ठीक, फ्रिक्वेन्सी ठीक, मॉड्युलेशन ७० टक्के, ते वाढवून देतायत. तिघांनी ठरवलंय की या सीझनला हाच चालवायचा, पण आम्हाला पुढे ८.३३ लागणाऱ्या भागात उडायचंय म्हणून सीझन संपला की नवा, ड्युअल वॉचवाला. बॅटरीही लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यावी का? आणि स्पीकर सध्या सीटमागे आहे, तो पॅनेलच्या वर आणला तर आवाज चांगला येईल असं एकाचं म्हणणं.

सोल्डर_आणि_फ्लक्स

मस्त काम केलंत. लिथियम आयर्न फॉस्फेट रेडिओला छान, जवळजवळ शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास राहते, पण संपताना इशारा न देता एकदम कोसळते, त्यामुळे व्होल्टेजवर नाही तर किती ॲम्पिअर-अवर वापरले त्यावर लक्ष ठेवा. चार्जर तिचाच हवा, लेड ॲसिडचा चार्जर लावू नका. आणि ग्लायडरच्या कागदपत्रांत ती बॅटरी चालते का ते तुमच्या इन्स्पेक्टरला आधी विचारा, वजनही कमी भरतं म्हणजे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचा हिशेब परत.

स्पीकर पॅनेलच्या वर नको. त्याच्या मागे चुंबक असतो आणि तिथेच कंपास आहे. खांद्यामागे राहू द्या, फक्त कानाच्या दिशेला वळवा. हलवलाच तर कंपास स्विंग (कंपासची चूक मोजणं) परत करा, रेडिओ चालू आणि बंद, दोन्ही वेळा.